दारातल्या कोंबड्या: पहिल्या अंड्यापासून खुडूक होईपर्यंत

अंडं देण्यासाठी कोंबडीला कोंबडा लागत नाही. नव्याने कोंबड्या आणणाऱ्या बहुतेकांना हे सांगावं लागतं, म्हणून सुरुवात इथूनच. कोंबडा नसला तरी वयात आलेली कोंबडी अंडी देतेच. त्या अंड्यांतून पिल्लं निघत नाहीत, एवढाच फरक. त्यामुळे परसात, बंगल्याच्या मागच्या अंगणात किंवा गावाकडच्या घरी चार-सहा कोंबड्या हौसेने पाळायच्या असतील, तर पहाटेच्या बांगेची आणि शेजाऱ्यांच्या झोपेची काळजी न करता नुसत्या कोंबड्याही ठेवता येतात. शहरात राहत असाल तर तेवढं महापालिकेचे आणि सोसायटीचे नियम आधी विचारून घ्या.

हा लेख अशाच घरगुती कोंबड्यांसाठी आहे. पोल्ट्रीच्या शेडचं गणित वेगळं असतं. घरची कोंबडी मोकळी फिरते, स्वतःची जागा स्वतः निवडते, रुसते, लपते, आणि अंडं देते तेही तिच्या अंगातल्या घड्याळाप्रमाणे. हे घड्याळ उजेड, खाणं आणि सुरक्षितपणा या तीन गोष्टींवर चालतं. "अंडी का थांबली?" या प्रश्नाचं उत्तर जवळजवळ नेहमी या तिन्हींपैकी एकात सापडतं.

१. कोणत्या आणि किती आणाव्यात

एकटी कोंबडी कधीही आणू नका. ती कळपाचा जीव आहे. एकटी राहिली की सारखी ओरडते आणि खाणं कमी करते. कमीत कमी तीन, सोयीच्या म्हणाल तर चार-पाच.

जात निवडताना आधी स्वतःला विचारा: अंडी जास्त हवीत, की पिल्लं वाढवायचीही हौस आहे? गावरान कोंबडी वर्षाला साधारण ५० ते ८० अंडी देते, पण ती चपळ असते, घार-मुंगसापासून स्वतःला जपते आणि अंड्यांवर मन लावून बसते. हैदराबादच्या कुक्कुट संशोधन संचालनालयाने तयार केलेल्या वनराजा आणि ग्रामप्रिया या सुधारित जाती, किंवा बंगळुरूच्या कृषी विद्यापीठाची गिरिराज, शंभराच्या पुढे अंडी देतात. त्यांतही अंड्यांसाठी ग्रामप्रिया सरस. मात्र या जाती सहसा अंड्यांवर बसत नाहीत. मध्य प्रदेशातल्या झाबुआची कडकनाथ अनेकांना खुणावते. तिचं मांस काळं असतं, अंडं मात्र फिकट तपकिरीच. काळ्या अंड्यांच्या गोष्टींवर पैसे घालवू नका.

माझा सल्ला विचाराल तर दोन-तीन सुधारित आणि सोबत एक-दोन गावरान. एकीकडून अंडी मिळतात, दुसरीकडून आई मिळते.

अगदी एक दिवसाची पिल्लं नवख्याने घेऊ नयेत. त्यांना पहिले तीन-चार आठवडे कृत्रिम ऊब द्यावी लागते आणि लसींचं वेळापत्रक सांभाळावं लागतं. चार-पाच महिन्यांच्या, लसीकरण झालेल्या तलंगा, म्हणजे अजून अंड्यावर न आलेल्या तरुण कोंबड्या, घेतल्या तर दीड-दोन महिन्यांत अंडी सुरू होतात. पुणे, नागपूर, कोल्हापूर आणि छत्रपती संभाजीनगर इथे पशुसंवर्धन विभागाची मध्यवर्ती अंडी उबवणी केंद्रं आहेत. काही कृषी विज्ञान केंद्रांतही पक्षी मिळतात. आठवडी बाजारातून घेणार असाल तर डोळे स्वच्छ, नाक कोरडं, पाय गुळगुळीत आणि शेपटीखालची पिसं विष्ठेने न माखलेली अशीच निवडा. घरी कोंबड्या आधीपासून असतील तर नवीन पक्षी निदान दोन-तीन आठवडे वेगळे ठेवा.

२. खुराडं

प्रत्येक कोंबडीला रात्रीसाठी दीड-दोन चौरस फूट आणि दिवसा फिरायला आठ-दहा चौरस फूट जागा लागते. जास्त मिळाली तर उत्तमच. खुराडं जमिनीपासून फूट-दीड फूट उंच असावं, म्हणजे पावसाचं पाणी शिरत नाही आणि उंदीर-घुशी खाली ठाण मांडत नाहीत. जाळी बारीक छिद्रांची घ्या. मुंगूस फार लहान फटीतून आत जातं आणि एकदा गेलं की एका कोंबडीवर थांबत नाही. दाराला कडी हवी, नुसता दगड लावून भागत नाही.

आत दोन गोष्टी आवश्यक: बसायला आडवी काठी आणि अंडी घालायला खोकी. काठी जाडसर, कडा घासलेली, दर कोंबडीमागे आठ-नऊ इंच. खोकं साधारण एक फूट लांब-रुंद-उंच, चार-पाच कोंबड्यांमागे एक पुरतं. खोक्यात भाताचा पेंढा किंवा वाळलं गवत घाला, जमिनीवर तूस पसरा.

काठी खोक्यांपेक्षा उंचावर हवी, हे विसरू नका. कोंबडीला रात्री शक्य तितक्या उंच जागी बसायचं असतं. खोकी उंच आणि काठी खाली असेल तर त्या खोक्यांतच झोपतात, झोपेत शिटतात, आणि सकाळी अंडं घाणीत पडतं. खोकी अंधारी, कोपऱ्यात, पुढून अर्धवट झाकलेली असावीत. समोर जुन्या साडीचा तुकडा टांगला तरी चालतो. आडोसा मिळाला की कोंबडी आपण होऊन आत जाते.

नवीन कोंबड्यांना पहिले चार-पाच दिवस खुराड्यातच किंवा लगतच्या जाळीतच ठेवा. हे आपलं घर, हे एकदा मनात बसलं की संध्याकाळी दिवेलागणीला त्या स्वतःहून आत येतात, हाकलाव्या लागत नाहीत.

३. पहिल्या अंड्याची चाहूल

सुधारित जाती पाच-साडेपाच महिन्यांनंतर, गावरान सहा-सात महिन्यांनी अंड्यावर येतात. वय मोजत बसण्यापेक्षा कोंबडीकडे बघा. फिकट गुलाबी तुरा लालभडक आणि मोठा होतो. गळ्याखालच्या पाळ्याही लाल होतात. तलंग खोक्यात डोकावते, आत जाते, गवत इकडचं तिकडे करते आणि काहीच न करता बाहेर येते. आणखी एक खूण अगदी खात्रीची: तुम्ही जवळ जाऊन पाठीवर हात ठेवला की ती पंख किंचित पसरून जमिनीला टेकून बसते. ही नराला प्रतिसाद देण्याची मुद्रा आहे. ती दिसू लागली की थोड्याच दिवसांत अंडं येतं.

हे दिसल्यावरच अंड्यावरच्या कोंबड्यांचं खाद्य, म्हणजे लेअर खाद्य, सुरू करा. त्यात कॅल्शियम बरंच जास्त असतं आणि लहान वयात ते मूत्रपिंडाला बाधतं.

पहिली काही अंडी लहान असतात. कधी टरफलावर रक्ताचा पुसट डाग असतो, कधी दोन बलक निघतात, कधी टरफलच नसतं. अंडाशय नुकतंच कामाला लागलेलं असतं आणि शरीराची लय बसायला दोन-तीन आठवडे जातात. तोवर औषधाच्या मागे लागू नका. खोक्यात एखादं लाकडी अंडं किंवा पिंगपाँगचा चेंडू ठेवा. आधी कुणीतरी इथे अंडं घातलंय, म्हणजे जागा सुरक्षित आहे, असा तिचा समज होतो आणि ती तिथेच बसते.

४. रोज एक अंडं का मिळत नाही

कोंबडीच्या शरीरात सहसा फक्त डावं अंडाशय काम करतं. तिथून पिवळा बलक सुटतो आणि अंडनलिकेतून पुढे सरकतो. पहिल्या तीन-साडेतीन तासांत त्याच्याभोवती पांढरा बलक चढतो, मग तासाभरात पातळ पापुद्रे, आणि नंतर सुमारे २० तास टरफल बनण्यात जातात. एकूण २४ ते २६ तास. अंडं बाहेर पडल्यावर अर्ध्या-पाऊण तासात पुढचा बलक सुटतो.

म्हणजे आज सकाळी ८ ला अंडं दिलं तर उद्या ९ च्या सुमारास, परवा त्याहून उशिरा. असं सरकत सरकत ते दुपारपर्यंत जातं. बलक सुटण्याची क्रिया मात्र उजेड-अंधाराच्या चक्राला बांधलेली असते, दुपार उलटल्यावर ती सहसा होत नाही. मग कोंबडी एक दिवस खाडा करते आणि पुढच्या दिवशी पुन्हा सकाळी लवकर सुरुवात करते. चांगली कोंबडी पाच-सहा दिवस सलग देऊन एक खाडा करते, साधारण कोंबडी दोन-तीन दिवसांनी. हा खाडा म्हणजे आजार नव्हे. आठवडाभर एका वहीत कुणी किती वाजता अंडं दिलं ते लिहा, तुम्हाला प्रत्येकीची लय दिसेल. माझ्याकडची तांबडी नेहमी चहाच्या वेळेला बसते आणि ठिपकी जेवणाच्या वेळेपर्यंत टाळाटाळ करते. दोघींच्या अंड्यांचा रंगही इतका वेगळा आहे की कुणाचं कोणतं हे विचारावं लागत नाही.

तो रंग जातीवर ठरतो. तपकिरी अंडं पांढऱ्यापेक्षा पौष्टिक असतं हा समज खरा नाही. बलकाचा रंग मात्र खाण्यावर ठरतो. हिरवा पाला, शेवग्याची पानं, पिवळा मका खाणाऱ्या कोंबडीचा बलक गडद केशरी होतो.

उजेडाचं म्हणाल तर भरपूर अंड्यांसाठी दिवसाला १४ ते १६ तास उजेड लागतो. पुण्यासारख्या ठिकाणी डिसेंबरात दिवस जेमतेम ११ तासांचा आणि जूनमध्ये सव्वातेरा तासांच्या आसपास असतो. थंडीत अंडी घटतात त्यामागे गारठ्यापेक्षा दिवस लहान होण्याचा वाटा मोठा आहे. बल्ब लावून अंडी वाढवता येतात, पण घरच्या कोंबड्यांना मी तसं करत नाही. त्यांच्या शरीराला ती विश्रांती मिळू द्यावी असं मला मनापासून वाटतं. लावायचाच असेल तर पहाटे लावा. संध्याकाळी लावलेला दिवा एकदम बंद झाला तर कोंबड्यांना अंधारात काठी सापडत नाही आणि त्या जमिनीवरच बसून राहतात.

५. खोक्याभोवतीचे स्वभाव

तुम्ही तीन खोकी ठेवा, सगळ्या एकाच खोक्यासाठी रांग लावतील. आत एक बसलेली असताना दुसरी बाहेर फेऱ्या मारते, कुरकुरते आणि शेवटी तिच्या अंगावरच जाऊन बसते. अंडं फुटत नाही तोवर हे चालू द्या. सगळ्यांनी मिळून निवडलेली जागा ती, आधीचं अंडं बघूनच पुढची तिथे बसते. बाकीची खोकी वापरात यावीत असं वाटत असेल तर त्यांतही खोटं अंडं ठेवा आणि उजेड थोडा कमी करा.

अंडं देण्याआधी कोंबडी अस्वस्थ असते. आत जाते, बाहेर येते, छातीने गवत दाबून गोल खळगा करते, काड्या उचलून पाठीवर टाकते. मग अर्धा तास ते तासभर गप्प बसते. त्या वेळी तिला हात लावू नका. त्रास झाला तर ती अंडं रोखून धरते आणि नंतर भलत्याच जागी घालते. अंडं झालं की बाहेर येऊन जोरजोरात 'कॉक-कॉक-कॉक-कॉकाऽऽक' सुरू होतं, कधी बाकीच्याही सूर मिसळतात. पाच-दहा मिनिटांत शांतता होते. शेजाऱ्यांना आधीच कल्पना द्या, आणि अधूनमधून दोन-चार अंडीही द्या.

त्याच वेळी अंडं उचललंत तर ते उबदार आणि ओलसर लागतं. बघता बघता ते वाळतं. हा ओलसरपणा म्हणजे नैसर्गिक लेप आहे. टरफलाला हजारो सूक्ष्म छिद्रं असतात, ती या लेपाने बंद होतात आणि जंतू आत जात नाहीत.

मोकळ्या फिरणाऱ्या कोंबडीला, विशेषतः गावरानीला, लपून अंडी घालायची ओढ असते. लाकडांच्या ढिगामागे, कडब्याच्या गंजीत, जास्वंदीच्या बुंध्याशी, कधी माळ्यावरच्या जुन्या टोपल्यात. अंडी अचानक थांबली, पण तुरा लाल आहे आणि ओरडणंही ऐकू येतं, तर ती कुठेतरी लपून देते आहे हे नक्की. तिला चार दिवस सकाळी ११ पर्यंत खुराड्यातच ठेवा. बहुतेक वेळा खोक्याची सवय परत लागते. जागा शोधायचीच असेल तर दहाच्या सुमारास सोडा आणि लांबून नजर ठेवा. घाई झालेली कोंबडी सरळ तिथेच जाते. सापडलेली अंडी किती जुनी आहेत माहीत नसेल तर पाण्यात टाकून बघा: आडवं तळाशी बसलं तर ताजं, उभं राहिलं तर जुनं पण चालण्याजोगं, तरंगलं तर फेकून द्या.

अंडी फोडून खाण्याची सवय ही खरी डोकेदुखी. पातळ टरफलाचं अंडं चुकून फुटतं, एखादी चव घेते आणि मग बाकीच्या शिकतात. दिवसातून दोन-तीनदा अंडी उचला, खोक्यात गवत भरपूर ठेवा, अंधार ठेवा आणि कॅल्शियमकडे बघा. सवय लागल्यावर ती मोडणं फार अवघड जातं, म्हणून सुरुवातीपासूनच जपा.

६. खाणं आणि शिंपल्याची पूड

मोठी कोंबडी दिवसाला साधारण १०० ते १२० ग्रॅम खाते आणि पाव लिटरच्या आसपास पाणी पिते. उन्हाळ्यात पाणी दुप्पट होतं. नुसत्या तांदळाच्या कण्या आणि उरलेली भाकरी यावर कोंबडी जगते, पण अंडी कमी देते, कारण त्यात प्रथिनं पुरेशी नसतात. लेअर खाद्य मुख्य ठेवा, सोबत मका-ज्वारीचा भरडा, पाला, अझोला (पाण्यावर वाढणारी बारीक हिरवी वनस्पती) आणि अंगणातले किडे.

प्रत्येक टरफलात सुमारे २ ग्रॅम कॅल्शियम जातं. ते कमी पडलं की कोंबडी स्वतःच्या हाडांतून काढते. म्हणून शिंपल्याचा भरडा एका वेगळ्या वाटीत कायम ठेवा, खाद्यात मिसळू नका. जिला गरज आहे ती बरोबर खाते, जिला नाही ती सोडून देते. टरफल रात्री बनतं, त्यामुळे संध्याकाळी ही वाटी भरलेली आहे ना, ते बघा. घरातली अंड्याची टरफलं द्यायची असतील तर तव्यावर कोरडी भाजून अगदी बारीक चुरा. आख्खी टरफलं ओळखीची झाली की अंडी फोडायला वेळ लागत नाही.

बुरशी लागलेला मका किंवा शेंगदाणा पेंड मुळीच देऊ नका. पावसाळ्यात पोत्याच्या तळाशी धरलेली बुरशी दिसत नाही, पण तिचं विष कोंबडीच्या यकृतावर जातं. खारवलेलं, कच्चे राजमे, चॉकलेट आणि बटाट्याची हिरवट सालंही टाळा.

७. विचित्र अंडी

टरफलाविना, नुसत्या पापुद्र्यात लोंबणारं अंडं पाहून नवखे घाबरतात. एखाद्या वेळी झालं तर सोडून द्या. रात्री कुत्रं भुंकलं, फटाके वाजले, तरी होतं. वारंवार होत असेल तर कॅल्शियम, वय किंवा उन्हाळा. उन्हाळ्यात कोंबडी चोच उघडून धापा टाकते, त्या धापांबरोबर कार्बन डायऑक्साइड बाहेर जातो आणि टरफलासाठी लागणारं कार्बोनेट रक्तात कमी पडतं. म्हणून एप्रिल-मेमध्ये चांगलं खाऊनही टरफल पातळ येतं.

सुपारीएवढं, बलक नसलेलं अंडं हाही क्वचित होणारा प्रकार. बलकावरचा रक्ताचा ठिपका म्हणजे बलक सुटताना फुटलेली बारीक रक्तवाहिनी. ते अंडं फलित असल्याची खूण नव्हे, शिजवून खाता येतं. खरखरीत, सुरकुतलेली किंवा पाणीदार पांढऱ्या बलकाची अंडी सारखी येऊ लागली, आणि सोबत शिंका किंवा घरघर असेल, तर मात्र पशुवैद्यकाला दाखवा.

८. खुडूक

एके दिवशी कोंबडी खोक्यातून उठतच नाही. हात नेला तर पिसं फुलवून गुरगुरते, टोचते. आवाज बदलतो, 'क्लुक् क्लुक्' असा खोल होतो. दिवसातून एकदाच बाहेर येते, घाईघाईने खाते, पाणी पिते, एक मोठी आणि भयंकर वासाची विष्ठा टाकते आणि परत जाऊन बसते. पोटाखालची पिसं उपटलेली असतात, म्हणजे अंगाची ऊब थेट अंड्यांना मिळते. ही खुडूक कोंबडी. गावरान कोंबडी १०-१५ अंडी झाली की खुडूक होते, अंडी नसली तरी नुसत्या गवतावर बसते. हा तिचा हट्ट वाटला तरी यामागे प्रोलॅक्टिन नावाचं संप्रेरक आहे. तिच्यावर चिडू नका.

पिल्लं हवी असतील तर ही संधी आहे. फलित अंडी हवीत, म्हणजे कळपात कोंबडा हवा किंवा कोंबडा असलेल्या घरून अंडी आणावीत. अंडी आठवड्याच्या आतली, स्वच्छ, मध्यम आकाराची, न धुतलेली, फ्रीजमध्ये न ठेवलेली. गावरानीखाली १०-१२ पुरेत. डालग्यात किंवा पसरट टोपल्यात माती-राख आणि वर पेंढा घालून शांत, अंधाऱ्या कोपऱ्यात जागा करा आणि तिला रात्रीच तिथे हलवा. रात्री हलवलेली कोंबडी सहसा कुरबुर न करता स्वीकारते. आमच्याकडे जुनी माणसं पेंढ्यात कोळसा किंवा लोखंडी खिळा ठेवतात, गडगडाटाने अंडी खराब होऊ नयेत म्हणून. त्याने काही बिघडत नाही, पण खरं काम पेंढा कोरडा राहण्याने होतं.

सातव्या-आठव्या दिवशी अंधारात मोबाईलच्या टॉर्चसमोर अंडं धरून बघा. आत जाळ्यासारख्या लाल शिरा दिसल्या तर जीव धरलाय. आरपार स्वच्छ दिसलं तर ते काढून टाका. १८व्या दिवसानंतर अंड्यांना हात लावू नका. २१व्या दिवशी पिल्लं निघतात. निघालेलं पिल्लू बलकाचा उरलेला साठा पोटात घेऊन आलेलं असतं, त्यामुळे पहिला दिवस उपाशी राहिलं तरी चालतं. आईला बाकीची अंडी फुटेपर्यंत उठवू नका. गावरान आई बदकाची अंडीही उबवते, फक्त त्यांना २८ दिवस लागतात.

पिल्लं नको असतील तर खुडूकपणा मोडावा लागतो, नाहीतर ती आठवडेच्या आठवडे बसून वजन गमावते. काही ठिकाणी नाकपुडीत पीस घालतात किंवा पाण्यात बुडवतात. हे दोन्ही क्रूर आहे, करू नका. जाळीचा तळ असलेल्या, जमिनीपासून उंच टांगलेल्या पिंजऱ्यात तिला तीन-चार दिवस उजेडात ठेवा. गवत नको, पाणी आणि खाणं भरपूर. पोटाखालून वारा खेळला की अंगातली ती ऊब उतरते. सोडल्यावर परत खोक्यात गेली तर आणखी दोन दिवस. अंडी त्यानंतर एक-दोन आठवड्यांनी सुरू होतात.

९. पिसं झडतात तेव्हा

वर्षातून एकदा, बहुधा पाऊस सरल्यावर दिवस लहान होऊ लागले की, कोंबडीची पिसं झडतात. सुरुवात डोकं-मानेपासून, मग छाती-पाठ, शेवटी पंख आणि शेपटी. अंगण पिसांनी भरतं, कोंबडी बोडकी दिसते आणि अंडी दोन-तीन महिने बंद राहतात. हा रोग नाही. पीस जवळजवळ पूर्ण प्रथिनांचं बनलेलं असतं, म्हणून या काळात सोयाबीन पेंड, भिजवलेले शेंगदाणे किंवा मीठ धुऊन काढलेली सुकट द्या. तिला उचलून कुरवाळू नका, नव्या पिसांचे कोंब दाबले तर दुखतात. उवांमुळे झडलेली पिसं वेगळी असतात: शेपटीखाली त्वचा लाल दिसते आणि पिसांच्या मुळाशी पांढरट लिखा दिसतात.

उवांवर कोंबडीचा स्वतःचा उपाय म्हणजे धूळस्नान. सावलीत एक उथळ खड्डा करून त्यात बारीक माती, वाळू आणि लाकडाची चाळलेली राख घाला. पावसाळ्यात हे छपराखाली हवं. आणि हो, कोंबडी उन्हात एक पंख पसरून, पाय ताणून, डोळे मिटून आडवी पडलेली दिसली तर धावत जाऊ नका. ती ऊन खात असते.

१०. कळपातली उतरंड

नॉर्वेच्या थोरलाइफ श्येल्डरुप-एब्बे या प्राणिशास्त्रज्ञाने १९२१ साली कोंबड्यांमध्ये कोण कुणाला टोचतं याचा ठरलेला क्रम असतो हे मांडलं. तुमच्या चार कोंबड्यांतही तो असतो. खाण्यावर, काठीवरच्या जागेवर आणि खोक्यावर पहिला हक्क वरचीचा. खालचीला खायला मिळावं म्हणून खाद्याची भांडी दोन ठिकाणी ठेवा. नवीन कोंबडी आणायची झाली तर एकटी आणू नका, जोडीने आणा. वेगळं ठेवण्याचा काळ संपला की आठवडाभर जाळीपलीकडून एकमेकींना दिसू द्या आणि मग रात्री काठीवर शेजारी बसवा. या धांदलीत जुन्यांची अंडी काही दिवस थांबतात, हे गृहीत धरा.

११. आजार

मानमोडीची लस चुकवू नका. लासोटा नावाची त्यावरची लस पहिल्या आठवड्यात, आणि पुढचे डोस तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात विचारून. मान वाकडी, हिरवी हगवण, धाप ही मानमोडीची लक्षणं, आणि ती दिसल्यावर फारसं काही हातात राहत नाही. कोंबड्यांना होणाऱ्या देवीची लसही त्यांना द्या.

कोंबडी पेंग्विनसारखी उभी राहते, सारखी कुंथते, शेपटी खाली टाकते आणि अंडं येत नाही, तर अंडं अडकलेलं असू शकतं. तिला कोमट पाण्याच्या टबात कंबरेपर्यंत २० मिनिटं बसवा, नंतर अंधाऱ्या उबदार जागी ठेवा. काही तासांत सुटका झाली नाही तर डॉक्टरकडेच. अंडं आत फोडण्याचा प्रयत्न जिवावर बेततो.

एकाएकी कोंबड्या मरू लागल्या तर मेलेल्या पक्ष्याला उघड्या हाताने शिवू नका, विकू नका, लगेच दवाखान्याला कळवा. भारतात कोंबड्यांमधला बर्ड फ्लू २००६ मध्ये पहिल्यांदा सापडला तो नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरला, त्यामुळे ही खबरदारी आपल्याला परकी नाही.

१२. अंडी स्वयंपाकघरात

अंडी धुऊन ठेवू नका, नैसर्गिक लेप निघून जातो. घाण असेल तर कोरड्या कापडाने पुसा आणि वापरण्याआधी धुवा. फ्रीजमध्ये टोकदार बाजू खाली ठेवा. एकदा फ्रीजमध्ये गेलेलं अंडं बाहेर काढून ठेवू नका, त्यावर पाणी सुटतं. अगदी ताजं अंडं उकडलं तर सोलताना टरफलाला पांढरा बलक चिकटतो. उकडायला आठवडाभर जुनी वापरा, ऑम्लेटला आजची.

१३. म्हातारी कोंबडी

पहिल्या वर्षी सर्वाधिक अंडी, नंतर दर वर्षी थोडी कमी, पण आकाराने मोठी. नीट सांभाळलेली कोंबडी सहा-आठ वर्षं जगते, आणि शेवटची काही वर्षं ती फारशी अंडी देत नाही. त्या वेळी काय करायचं हे आणण्याआधीच घरात बोलून ठरवा, विशेषतः मुलांनी नावं ठेवली असतील तर. माझ्या मते तिला राहू द्यावं. ती किडे खाते, खतासाठी विष्ठा देते, नव्या तलंगांना सांजेला खुराड्याची वाट दाखवते, आणि गावरान असेल तर वर्षातून एकदा खुडूक होऊन दुसऱ्यांची अंडी उबवते. तिचं लेअर खाद्य मात्र बंद करा. साधं धान्य, पाला आणि वेगळ्या वाटीतली शिंपल्याची पूड तिला पुरते.